मीटर आधी टाकीला, मग घराला

पुण्यात पाण्याच्या मीटरवरून जो वाद चालतो त्यात दोन्ही बाजूंचा राग समजण्यासारखा आहे, पण दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडत आहेत. एक बाजू म्हणते, घरोघरी मीटर बसल्याशिवाय पाण्याची नासाडी थांबणार नाही. लोक गाड्या धुतात, टाक्या वाहू देतात, त्यांना बिलाचा चटका बसायलाच हवा. दुसरी बाजू म्हणते, मीटर आला की बिल आलं आणि बिल आलं की आज ना उद्या खासगी कंपनी आली. दोघांचंही लक्ष नळावर आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी नळापर्यंत पोचायच्या आधीच नाहीसं होतं, त्या मधल्या वाटेबद्दल कोणी तावातावानं बोलताना दिसत नाही. शहराला सोडलेल्या पाण्यापैकी ३५ ते ४० टक्के पाण्याचा हिशेब लागत नाही, असं खुद्द महापालिकाच वर्षानुवर्षं सांगत आली आहे. मग पहिला प्रश्न 'तुम्ही किती वापरता?' हा कसा? तो 'तुम्ही किती पोचवता?' असा उलट्या दिशेनं विचारायला नको का?

माझं म्हणणं सरळ आहे. गळती रोखायची तर मोजणी हवी, आणि ती आजच्यापेक्षा कितीतरी बारीक हवी. पण तिची सुरुवात पालिकेनं स्वतःपासून करावी. आधी शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी, मग प्रत्येक टाकीच्या आउटलेटला, मग टाकीखालच्या प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर. त्यांचे आकडे दर महिन्याला लोकांसमोर. घराच्या मीटरवर बिल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला, तर मीटरला विरोध करणारे नागरिक बरोबर आहेत.

हे पाणी किती आहे ते आधी पाहू. पुणे शहर वर्षाला २० टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) वर पाणी उचलतं. त्यातल्या ३५ टक्क्यांचा पत्ता नसेल, तर ते सात टीएमसी होतात. पुण्याला पाणी देणाऱ्या टेमघर धरणाची पूर्ण क्षमता पावणेचार टीएमसीच्या आत आहे. म्हणजे दरवर्षी जवळजवळ दोन टेमघर शहराच्या नळांमधून हरवतात. याच टेमघरच्या भिंतीतून २०१६ मध्ये पाण्याच्या चिळकांड्या उडताना दिसल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अभियंते आणि ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, भेगा भरण्याचं, म्हणजे ग्राउटिंगचं, मोठं काम निघालं. ते व्हायलाच हवं होतं. पण भिंतीतून उडणारं पाणी फोटोत येतं, रस्त्याखाली मुरणारं पाणी येत नाही. दौंड-इंदापूरचा शेतकरी कालवा समितीच्या बैठकीत एकेका आवर्तनासाठी भांडतो आणि शहर वाढीव कोटा मागतं, तेव्हा या सात टीएमसीचं काय, हे त्याला पटेल असं कोणी सांगू शकत नाही. कारण सांगणाऱ्याकडेही अंदाजच असतो.

हा अंदाज किती ढिसाळ असतो, ते मुंबईत दिसतं. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. त्यातलं गळती आणि चोरीत किती जातं? कधी पाव हिस्सा सांगतात, कधी एक तृतीयांश. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण तो रोज ३२ कोटी लिटरचा आहे. ज्या गारगाई धरणासाठी वाडा तालुक्यातलं जंगल पाण्याखाली जाणार आहे, त्यातून रोज ४४ कोटी लिटर मिळायचे आहेत. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मनोरीच्या निक्षारीकरण प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता २० कोटी लिटरची. म्हणजे आपल्या अज्ञानाचं आकारमानच एका नव्या प्रकल्पाएवढं आहे. हजारो कोटींचे निर्णय या पायावर घ्यायचे?

आणि 'गळती आणि चोरी' हे दोन शब्द एका आकड्यात बांधणं मला सगळ्यात जास्त खटकतं. फुटलेल्या जोडातून जमिनीत मुरलेलं पाणी, बंद पडलेल्या मीटरमुळे बिलात न आलेलं पाणी, उद्यानांना आणि टँकरला नोंदीविना दिलेलं पाणी, आणि ज्या वस्तीला पालिकेनं जोडणीच नाकारली तिथल्या बाईनं हंड्यात भरून नेलेलं पाणी, हे सगळं एकाच खात्यावर टाकलं जातं. यातलं पहिलं खरंच वाया गेलं. शेवटचं एका कुटुंबाच्या पोटात गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं, ते याच शहराबद्दल. माणसाच्या तहानेला आणि सडलेल्या पाइपला एकच नाव देणारी मोजणी कुठे खणायचं तेही सांगत नाही आणि कुणाला जोडणी द्यायची तेही सांगत नाही.

डेटा म्हटलं की आपल्याकडे लगेच सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि भिंतभर पडद्यांची नियंत्रण कक्षं डोळ्यांसमोर आणली जातात. त्यामुळे समर्थकांना हे जादूचं वाटतं आणि विरोधकांना ठेकेदारांचं कुरण. दोघांनीही इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची गोष्ट वाचावी. १८६५ च्या दुष्काळानंतर त्या शहरानं चोवीस तासांचं पाणी बंद करून ठरावीक वेळ पाणी सोडायला सुरुवात केली होती, आजच्या आपल्या शहरांसारखंच. जॉर्ज डीकन तिथला नगर अभियंता झाला. त्यानं १८७३ मध्ये एक मीटर तयार केला. घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागद गुंडाळलेला एक डबा आणि पाण्याच्या ओघाप्रमाणे वरखाली होणारी पेन्सिल. तो मीटर एकेका मोहल्ल्याच्या नळावर बसवला की कागदावर रात्रीची रेघ उमटायची. सगळं गाव झोपलंय, नळ बंद आहेत, तरी रेघ शून्यावर येत नाही. मग हे पाणी कोण पितंय? रात्रपाळीचे निरीक्षक रस्त्यानं फिरून एकेक जोडणी बंद करत, आणि कुठली बंद केल्यावर रेघ खाली पडली हे सकाळी कागदावर दिसे. तेवढंच खणायचं. लिव्हरपूलमध्ये पुन्हा अखंड पाणी सुरू झालं, ते असं. वीज नव्हती, संगणक नव्हता. मीटर घरांवर लावलेला नव्हता, पालिकेच्या स्वतःच्या नळावर लावलेला होता.

आज जगभर हीच पद्धत चालते, फक्त पेन्सिलच्या जागी मोबाइलचं सिम आलं आहे. हजार-दोन हजार जोडण्यांचा एक विभाग व्हॉल्व्हनं वेगळा काढायचा, आत जाणाऱ्या तोंडाशी मीटर लावायचा, आणि पहाटे दोन ते चार या वेळेतला प्रवाह रोज पाहायचा. काल अमुक होता, आज अचानक वाढला, म्हणजे काहीतरी फुटलंय. ते वर यायची वाट पाहायची गरज नाही. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग करायचं ठरलं ते यासाठीच. योजनेचा हा भाग मला मनापासून पटतो. २०१७ मध्ये महापालिकेनं या कामासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले तेव्हा त्याचा गाजावाजा झाला, पण चर्चेत राहिले ते टाक्या आणि सुमारे तीन लाख घरगुती मीटर. विभागाच्या तोंडाशी बसणारा मीटर कोणाच्या भाषणात आला नाही. सगळ्या योजनेचा जीव तिथे होता.

आता या पद्धतीवरचा सगळ्यात भक्कम आक्षेप. पहाटेचा प्रवाह मोजायला पहाटे नळात पाणी तर हवं! जिथं दिवसातून दोन-चार तास पाणी येतं, तिथं हे गणित बसत नाही. पाणी सुटलं की सगळे एकदम टाक्या भरतात, गच्चीवरच्या टाकीला फ्लोट नसेल तर ती वाहते, मग नळ कोरडा पडतो. भरताना आधी हवा पळते आणि मीटर हवेवरच फिरतो, ही लोकांची तक्रार खरी आहे. शिवाय अनुभवी अभियंते सांगतात की जुन्या, झिजलेल्या नळांत चोवीस तास दाब ठेवला, तर आज चार तास गळणारं भोक उद्या चोवीस तास गळेल. हेही खरं आहे, आणि ते शुद्ध गणित आहे. पाणीटंचाईच्या शहराला ते परवडेल का?

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्याचा अर्थ काय होतो, तेही बघा. ठरावीक वेळ पाणी सोडणं हीच आज आपली गळती रोखायची योजना आहे. पाणी बंद ठेवून भोक झाकायचं. त्याची किंमत कोण देतं? ज्या नळात दाब नाही त्यात शेजारच्या गटाराचं पाणी शिरतं. सकाळची पहिली बादली गढूळ येते ती त्यामुळे. उताराच्या टोकाला, टेकडीच्या अंगाला राहणाऱ्याला चार तासांतला शेवटचा अर्धा तासच मिळतो. पैसेवाला जमिनीखाली टाकी बांधतो आणि पंप लावतो, दोन खोल्यांतला माणूस पिंप भरून ठेवतो. म्हणून आक्षेपातून निघतं ते एवढंच, की सगळं शहर एकदम चोवीस तासांवर नेता येणार नाही. एक विभाग घ्या, त्याची हद्द खरोखर बंद होते की नाही ते तपासा, काही रात्री त्यात मुद्दाम दाब ठेवा, गळती शोधा, दुरुस्त करा, मग पुढचा. दाबही मोजा, कारण दाब आटोक्यात ठेवला की तेच भोक कमी गळतं. प्लॅस्टिकच्या नळाची चीर तर दाब वाढला की आणखी फाकते. पर्वतीच्या पायथ्याच्या पेठेला आणि टेकडीवरच्या सोसायटीला एकाच दाबानं पाणी देण्याचं काही कारण नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. सेन्सर बसतात, उद्घाटन होतं, दोन वर्षांत देखभालीचा ठेका संपतो आणि पॅनेलवर धूळ बसते. ज्यानं पालिकांचं काम जवळून पाहिलंय त्याला हे नाकारता येणार नाही. पण पाणीपुरवठ्यातला सर्वांत मौल्यवान डेटा महाग यंत्रात नाहीच. तो चावीवाल्याच्या डोक्यात आहे. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे उघडला म्हणजे खालच्या चाळीला पाणी पोचतं आणि वरच्या सोसायटीतून फोन येत नाही, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, कुठली लाइन नकाशात आहे पण जमिनीत नाही, हे त्याला माहीत असतं. तो निवृत्त झाला की शहर ते विसरतं. गळती शोधणारा जुना फिटर रात्री लोखंडी सळई व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवून दुसरं टोक कानाला लावतो. चांगल्या लाइनचा आवाज येत नाही. फुटलेल्या लाइनमधून बारीक, सलग 'सूं' ऐकू येतो, आणि तो जवळ आला की लांब गेला यावरून तो रस्त्यावर खडूनं खूण करतो. बेसाल्टच्या भेगांत आणि मुरमात पाणी वर न येता खालच्या नाल्यात उतरून जातं, त्यामुळे आपल्याकडे हा कान फार मोलाचा आहे. त्याला इलेक्ट्रॉनिक यंत्र द्या, जरूर द्या. पण त्याने केलेली प्रत्येक दुरुस्ती नोंदवायची साधी वही आज किती विभागीय कार्यालयांत नीट ठेवली जाते? तारीख, नळ कशाचा, किती इंची, किती खोल, जोड उखडला की नळ चिरला, तक्रार कधी आली, दुरुस्ती कधी झाली. एवढ्या नोंदी पाच वर्षं ठेवल्या तर कुठली लाइन ठिगळं लावण्यापलीकडे गेलीय आणि बदलायलाच हवी, हे कुठल्याही सल्लागाराशिवाय कळेल. कात्रजहून पुण्यात पाणी आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधला गेला, तेव्हा त्यावर ठरावीक अंतरानं उच्छ्वास ठेवले होते. हवा बाहेर पडायला आणि आत उतरून गाळ काढायला. जमिनीखालचं पाणी डोळ्यांआड जाऊ द्यायचं नाही, ही समज या शहराला अठराव्या शतकात होती.

तिसरा आक्षेप खासगीकरणाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. नागपूरनं २०१२ पासून पाणीपुरवठा २५ वर्षांच्या करारानं कंपनीकडे दिला. संपूर्ण शहराला चोवीस तास पाणी देण्याची मुदत कधीच उलटली, बेहिशेबी पाण्याचा प्रश्न अजून आहेच. इंग्लंडनं १९८९ मध्ये पाणी कंपन्यांना विकलं. तिथे आजही पुरवठ्याचा साधारण पाचवा हिस्सा गळतो, आणि २०१७ मध्ये थेम्स वॉटर या कंपनीला गळतीचं उद्दिष्ट चुकवल्याबद्दल ८५ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. त्या देशाकडे डेटा कमी होता का? नव्हता. म्हणजे नुसत्या डेटानं नळ दुरुस्त होत नाहीत, हे विरोधकांचं म्हणणं सिद्धच झालं. पण त्याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. कंपनी किती गळवते हे तिथल्या लोकांना माहीत आहे, कारण दर वर्षी कंपनीवार आकडा जाहीर करावा लागतो. आकडा जाहीर होता म्हणून दंड करता आला. आपल्याकडे मोजून जाहीर केलेला आकडाही नाही आणि दंडही नाही.

आणि मोजणी म्हणजे खासगीकरण हे समीकरण नॉम पेन्हनं खोटं ठरवलं आहे. १९९३ मध्ये युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या कंबोडियाच्या या राजधानीत ७२ टक्के पाण्याचा हिशेब नव्हता. 'एक सोन चान' या नावाच्या अधिकाऱ्याकडे सार्वजनिक जल प्राधिकरणाची सूत्रं आली. त्यानं सुरुवात केली ती ग्राहकांच्या यादीपासून. माणसं घरोघर पाठवली, तेव्हा यादीतली कित्येक नावं अस्तित्वात नव्हती आणि पाणी घेणारी कित्येक घरं यादीत नव्हती. बेकायदा जोडण्या विकण्यात खात्याचेच लोक सामील होते. आधी त्यांना आवर घातला. मग विभाग, मग मीटर, मग रात्रीही खणायला निघणारी पथकं. गरीब वस्त्यांना जोडणीचा खर्च हप्त्यांनी दिला. दीड दशकात बेहिशेबी पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सगळ्या काळात पाणी सरकारी संस्थेकडेच होतं. आपल्या राज्यातही कराडजवळच्या मलकापूरनं राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाणी आणि दूरवाचनाचे मीटर करून दाखवले, तेही नगरपंचायत असताना. लहान गाव, एकसलग जाळं, जागेवरचं नेतृत्व. महानगराला ते जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मान्य. पण 'सरकारी यंत्रणेला जमणारच नाही' हे वाक्य त्यानंतर टिकत नाही.

गळलेलं पाणी जमिनीत मुरून बोअरला मिळतंच की, असंही एक म्हणणं असतं. मिळतं, थोडंफार. पण ते धरणातून उचललेलं, तुरटी-क्लोरिननं शुद्ध केलेलं, विजेवर चढवलेलं पाणी असतं, आणि ते पुन्हा वर येतं तेव्हा मैलावाहिनीच्या शेजारून आलेलं असतं. भूजल भरायचं तर पावसाच्या पाण्यानं भरा.

शेवटी राहतो नव्या स्रोतांचा प्रश्न. शहरं वाढणार, तेव्हा कधीतरी नवं पाणी लागणारच. गळती शून्यावर आली तरी पुरणार नाही असा दिवस येईल. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण लिव्हरपूलच्या त्याच डीकनचं पुढचं काम पाहा. मीटरनंतर त्याच्याकडे वेल्समधलं व्हिर्नवी धरण आलं, आणि १८९० च्या दशकात तिथलं पाणी लिव्हरपूलला पोचलं. आधी आपल्या शहरातली गळती, मग दुसऱ्याच्या खोऱ्यातलं पाणी, हा क्रम होता. त्या धरणासाठीही एक गाव बुडालं, म्हणून मी त्याला आदर्श म्हणणार नाही. पण निदान त्या शहराला आपण किती वाया घालवतो हे माहीत होतं. वाड्याच्या आदिवासी पाड्याला किंवा इंदापूरच्या शेतकऱ्याला 'तुमचं पाणी आम्हाला द्या' म्हणताना मुंबई-पुण्याकडे काय कागद आहे?

घरगुती मीटरला माझा विरोध नाही. विभागात शिरलेल्या पाण्यातून घरांत पोचलेलं पाणी वजा केल्याशिवाय खरी गळती कळतच नाही, आणि त्यासाठी घराचा आकडा लागतो. पण ज्या दुकानात गोदामातून किती पोती निघाली याची नोंद नाही, तिथं गिऱ्हाइकाची पिशवी तपासून तूट सापडत नाही. शिवाय दर तासाचं वाचन करणारा मीटर घर कधी रिकामं असतं तेही सांगतो. ते वाचन कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार, हे करारात स्पष्ट नसेल तर लोकांनी जरूर हरकत घ्यावी.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. १४१ पैकी ज्या विभागांचं काम पूर्ण झाल्याचं पालिका सांगते, त्या प्रत्येकाचं महिन्याला एक पान क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागावं. आत किती पाणी शिरलं, पहाटेचा प्रवाह किती, टोकाच्या घराला दाब किती, गळतीच्या तक्रारी किती आणि दुरुस्तीला किती दिवस लागले. मोजलेला आणि अंदाजानं धरलेला आकडा वेगळा दाखवावा, आणि वस्त्यांना न दिलेल्या जोडण्यांचं पाणी गळतीत मिसळू नये. जिथं हे पान सलग एक वर्ष लागलं आणि पहाटेचा प्रवाह खाली आला, तिथं घरगुती मीटरवर बिल सुरू करावं, गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवून. बाकीच्या विभागांत बसलेले मीटर तोवर नुसते वाचावेत, आणि त्या वाचनावर कोणालाही एक रुपयाचं बिल पाठवू नये.